रुतलेलें मळसूत्र



इंजिनाच्या ब्लॉकांत मोडून बसलेला स्टड बाहेर कसा काढतात, हा आजच्या भाषणाचा विषय आहे असें ऐकतांच आपणांपैकीं कित्येकांना वाटेल कीं, हें एखाद्या मिस्त्रीला विचारावें. इतिहासाच्या निवृत्त शिक्षकानें त्यांत कां पडावें? माझें उत्तर असें कीं, लढाया आणि तह यांच्या सनावळ्या मीं मुलांकडून पुष्कळ पाठ करून घेतल्या. पण लोखंड आणि गंज यांची जी लढाई दोनशेंहून अधिक वर्षें कारखान्याकारखान्यांतून रोज चालली आहे, तिला त्या पाठ्यपुस्तकांत एक ओळही नव्हती. वास्तविक या लढाईच्या कथेंत राष्ट्राराष्ट्रांतले करार आहेत, एका शहराला लागलेली आग आहे, आणि एका नव्या विद्येचा जन्मही आहे.

प्रथम स्टड म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. बोल्टाच्या एका टोकाला डोकें असतें. स्टडला डोकें नसतें. ती एक पोलादी कांडी असून तिच्या दोन्ही टोकांस आटे पाडलेले असतात. एक टोक इंजिनाच्या ब्लॉकांत फिरवून पक्कें बसवितात व तें तेथेंच राहावें अशी अपेक्षा असते. दुसऱ्या टोकावर सिलिंडरचें हेड ओवून वरून नट आवळतात. पुढें कधीं हेड उतरावयाचें झालें तर फक्त नट सोडावयाचा. यांतली युक्ति अशी कीं, बीड ठिसूळ आणि अल्युमिनियम मऊ. त्यांत पाडलेले आटे वारंवार बोल्ट फिरविल्यानें झिजतात व ढांसळतात. ब्लॉक महाग आणि नट स्वस्त. तेव्हां झीज व्हावयाची ती नटाची व स्टडच्या वरच्या टोकाची व्हावी, ब्लॉकाची होऊं नये. नोकरानें धन्यासाठीं आपल्या अंगावर मार घ्यावा, तसला हा प्रकार आहे.

परंतु हाच इमानी नोकर वर्षानुवर्षें एका जागीं राहिला म्हणजे धन्याला डोईजड होतो. लोखंड गंजतें तेव्हां त्या गंजाला मूळच्या लोखंडाच्या दुपटीहूनही अधिक जागा लागते. आट्याआट्यांमधल्या केसाएवढ्या फटींत हा फुगलेला गंज पाचरीप्रमाणें दाटून बसतो. ब्लॉक अल्युमिनियमचा असेल तर आणखी एक संकट. दोन भिन्न धातु एकमेकांस चिकटून बसलेले आणि मध्यें ओलावा, अशी स्थिति आली कीं विजेचा एक लहानसा घटच तयार होतो. त्यांत अल्युमिनियमचा बळी पडतो व त्याचा पांढरा भुगा फुगून स्टडला चोहोंकडून आवळतो. समुद्रावर चालणाऱ्या होड्यांच्या इंजिनांत हा पांढरा भुगा मिस्त्रींच्या नित्य परिचयाचा आहे, कारण खाऱ्या पाण्यांत हा घट फारच जोमानें काम करतो.

मग एके दिवशीं हेड काढण्याची वेळ येते. नट हलत नाहीं. पान्याला लोखंडी नळी लावून त्याची दांडी लांबवितात, दोन माणसें जोर करतात, आणि नट सुटण्याऐवजीं स्टडच पिळवटून ब्लॉकाच्या पातळीशीं तुटतो. आंत राहिलेल्या तुकड्याला धरावयास आतां कांहींच उरत नाहीं. चार बोटें लांबीच्या त्या कांडीपायीं संबंध ब्लॉक मोडींत घालण्याची पाळी येते. भर उन्हाळ्यांत विहिरीवरच्या इंजिनाचें असें झालें, तर शेतांतल्या उभ्या उंसाला त्याची किंमत मोजावी लागते. यंत्र विकत घेणें ही एक गोष्ट झाली. तें उघडतां येणें ही दुसरी. जें यंत्र उघडतां येत नाहीं, त्याचा मालक नांवाचाच मालक, असें माझें मत आहे.

गंमत अशी कीं, बाष्पयंत्राच्या पहिल्या काळांत इंजिनियरांनीं गंजाला मुद्दाम कामाला लाविलें होतें. नळ्यांच्या व पत्र्यांच्या सांध्यांतून वाफ निसटूं नये म्हणून लोखंडाचा कीस, नवसागर आणि थोडा गंधक पाण्यांत कालवून तो लगदा सांध्यांत ठासून भरीत. कीस गंजे, फुगे आणि दगडासारखा घट्ट होऊन सांधा बंद करी. पण असा सांधा पुन्हा सोडावयाचा म्हणजे छिन्नी-हातोड्याखेरीज उपाय नसे. जोडणें सोपें आणि सोडणें अवघड, हें दुखणें तेव्हांपासूनचें आहे.

त्या काळीं मोडलेला स्टड कसाबसा बाहेर काढला, तरी अर्धेंच काम होई. त्या भोंकांत नवा स्टड बसावयास हवा आणि नव्याचे आटे जुन्याशीं जुळावयास हवेत. ते जुळत नसत. जेम्स नॅस्मिथ नांवाचा नामांकित इंजिनियर १८२९ सालीं लंडनमध्यें हेन्री मॉड्स्ले यांच्या कारखान्यांत कामाला लागला. त्यानें आपल्या आत्मचरित्रांत मॉड्स्लेपूर्वीच्या परिस्थितीचें वर्णन केलें आहे. त्या वेळीं प्रत्येक बोल्ट आणि त्याचा नट म्हणजे एक स्वतंत्र जोडपें असे. दुसऱ्या जोडप्याशीं त्यांचा मेळ बसत नसे. म्हणून यंत्र सोडतांना प्रत्येक नटावर व त्याच्या बोल्टावर खूण करून ठेवावी लागे. खुणा चुकल्या किंवा नट एकमेकांत मिसळले, तर दुरुस्तीला आलेल्या यंत्रावर वेळ आणि पैसा किती जाईल याला सुमार नसे.

मॉड्स्ले यांचा जन्म १७७१ चा. त्यांनीं अठराव्या शतकाच्या अखेरीस असा लेथ सिद्ध केला कीं, ज्यावर एकाच मापाचे आटे पाहिजे तितक्या वेळां बिनचूक पाडतां यावेत. तत्पूर्वी आटे पाडणें हें बव्हंशीं हाताच्या कसबावर अवलंबून असे. मॉड्स्ले यांना मळसूत्राचें जणुं वेडच होतें. त्यांनीं पांच फूट लांब व दोन इंच जाडीचें एक मळसूत्र केलें, त्यावर दर इंचास ५० आटे होते. त्याचा नट बारा इंच लांब असून त्यांत ६०० आटे होते! खगोलशास्त्राच्या उपकरणांवर सूक्ष्म भाग आंखण्यासाठीं तें वापरलें गेलें. ज्या हातांनीं असें काम केलें, त्यांच्या कारखान्यांत शिकलेलीं माणसें पुढें इंग्लंडच्या यंत्रविद्येचीं आधारस्तंभ झालीं यांत नवल नाहीं.

त्यांपैकींच एक जोसेफ व्हिट्वर्थ. १८४१ सालीं त्यांनीं लंडनच्या सिव्हिल इंजिनियरांच्या संस्थेपुढें एक निबंध वाचला. त्यांचें सांगणें असें कीं, प्रत्येक कारखानदार आपल्या मनाप्रमाणें आटे पाडतो हें बंद झालें पाहिजे. पण नवा नियम कोणता? येथें व्हिट्वर्थ यांची व्यवहारबुद्धि दिसते. त्यांनीं आपल्याच कारखान्याचें माप सर्वांवर लादलें नाहीं. इंग्लंडांतील अनेक कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, त्यांचे आटे मोजले आणि सर्वांची सरासरी काढली. आट्याचा कोन ५५ अंशांचा ठरला. पाव इंची बोल्टाला दर इंचास २० आटे, अर्ध्या इंचीला १२, एक इंचीला ८, अशी कोष्टकें तयार झालीं. सरासरी असल्यामुळें कोणाचाच फार तोटा झाला नाहीं व कोणाचा मानभंगही झाला नाहीं. पुढें क्रिमियाच्या युद्धांत, म्हणजे १८५३ ते १८५६ या काळांत, तोफनौकांसाठीं सुमारें ९० इंजिनें तांतडीनें हवीं होतीं. जॉन पेन यांनीं नमुन्याचीं इंजिनें सोडून त्यांचे भाग निरनिराळ्या कारखान्यांकडे पाठविले, त्यांबरहुकूम भाग करवून घेतले आणि जोडले. सर्वांचे आटे एक नसते तर हें शक्यच नव्हतें.

आपल्याकडे इंग्लंडहून जीं यंत्रें आलीं, त्यांबरोबर व्हिट्वर्थचे आटेही आले, आणि ते आपल्या मिस्त्रींच्या बोलींत मुरून गेले. इंचाच्या आठव्या भागाला मिस्त्री ‘सूत’ म्हणतात; दोन सुती बोल्ट म्हणजे पाव इंची, चार सुती म्हणजे अर्ध्या इंची. ज्याला इंग्रजीचें एक अक्षर येत नव्हतें, असा मनुष्यही व्हिट्वर्थचें कोष्टक बोटांवर सांगे. पुढें १९५६ च्या कायद्यानें आपल्या देशानें दशमान मापें स्वीकारलीं, मिलिमीटरचे बोल्ट सर्वत्र झाले, तरी सूत हा शब्द दुकानांतून गेलेला नाहीं. शब्द हे धातूपेक्षां चिवट असतात.

इतकें झाल्यावर प्रश्न मिटावयास हवा होता. परंतु १८६४ सालीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं विल्यम सेलर्स यांनीं फ्रँक्लिन संस्थेपुढें दुसरीच पद्धत मांडली. व्हिट्वर्थच्या आट्यांचे माथे व तळ गोलाकार असतात. ती गोलाई साधण्यास कसबी कारागीर लागे. सेलर्स यांनीं माथे सपाट केले आणि कोन ६० अंशांचा घेतला, कारण हा कोन करावयास व तपासावयास सोपा. अमेरिकेंत कारागीर थोडे व मजुरी महाग. तेथें हीच पद्धत रुजली. दोन्ही बाजूंचें म्हणणें आपापल्या घरीं बरोबर होतें. अनर्थ झाला तो दोन्ही घरांचे बोल्ट एका डब्यांत पडले तेव्हां. बहुतेक मापांत दोन्ही पद्धतींची आट्यांची संख्या एकच असल्यामुळें परका बोल्ट नटांत जातोही. पण कोन भिन्न असल्यानें अंगास अंग लागत नाहीं. अर्ध्या इंचाच्या मापांत तर ब्रिटिश आटे १२ आणि अमेरिकन १३. असा बोल्ट दोन-तीन वेढे सुखानें जातो, मग अडतो. आणि घाईंत असलेला माणूस त्यावर जोर करतो. गंजाचा स्पर्शही न होतां मळसूत्र रुतून बसण्याचा हा दुसरा मार्ग. पान्यांचीही तीच तऱ्हा. ब्रिटिश पान्यावर बोल्टाची जाडी लिहिलेली असे, अमेरिकन पान्यावर त्याच्या तोंडाची रुंदी. त्यामुळें ‘अर्धा इंच’ लिहिलेल्या ब्रिटिश पान्याचें तोंड प्रत्यक्षांत एका इंचाहून थोडेंच कमी असे!

आटे न जुळल्यानें काय होतें, याचें एक भयंकर उदाहरण इंजिनाबाहेरचें असलें तरी सांगतों. ७ फेब्रुवारी १९०४ रोजीं अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरांत आग लागली. शेजारच्या वॉशिंग्टनहून आगीचे बंब आगगाडीनें कांहीं तासांत येऊन पोंचले. पण त्यांच्या नळांचे आटे बाल्टिमोरच्या रस्त्यांवरील पाण्याच्या तोट्यांना बसेनात. पाणी होतें, बंब होते, माणसें होतीं. शहराच्या मध्यभागांतील पंधराशेंहून अधिक इमारती जळाल्या.

दुसऱ्या महायुद्धांत हाच तिढा विमानांच्या बाबतींत पुढें आला. रोल्स-रॉइसचें मर्लिन इंजिन अमेरिकेंत पॅकार्ड कंपनीनें करावें, असा करार १९४० सालीं झाला. इंजिनाचे सर्व आटे ब्रिटिश. अमेरिकेंत केलेला भाग इंग्लंडांतील विमानावर रात्रीच्या रात्रीं बसला पाहिजे, म्हणून आटे बदलून चालणार नव्हतें. पॅकार्डनें तसे टॅप व डाय स्वतः तयार केले आणि ऑगस्ट १९४१ मध्यें त्यांचें पहिलें मर्लिन सुरू झालें. या यातायातींतून जो धडा मिळाला, त्याचें फळ म्हणजे १८ नोव्हेंबर १९४८ रोजीं वॉशिंग्टन येथें झालेला करार. ब्रिटन, अमेरिका व कॅनडा यांनीं एकच पद्धत मान्य केली. कोन अमेरिकेचा, ६० अंशांचा. आणि आट्याच्या तळाशीं व्हिट्वर्थच्या वळणाच्या गोलाईला वाव. या गोलाईचें महत्त्व केवळ मानापमानाचें नव्हे. तीक्ष्ण कोपऱ्यांत ताण एकवटतो व तेथूनच धातूला चीर जाते. म्हणजे व्हिट्वर्थ यांचा तो कष्टाचा गोल तळ स्टड मोडूं नये यासाठीं उपकारकच होता.

आटे एक झाले. पण गंज काहीं कोणत्या करारावर सही करीत नाहीं. तेव्हां आतां मिस्त्रीच्या हत्यारांकडे वळूं.

लोणच्याच्या कांचेच्या बरणीचें पत्र्याचें झांकण घट्ट बसलें, कीं गृहिणी त्यावर कढत पाणी ओतते. पत्रा कांचेहून अधिक प्रसरण पावतो आणि झांकण फिरतें. अल्युमिनियमच्या ब्लॉकाला मिस्त्री ज्योत दाखवितो तीही याच न्यायानें, कारण अल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतें. ब्लॉक बिडाचा असला तर दोन्ही धातूंचें प्रसरण सारखेंच. तेथें स्टड तापवून निवूं देण्यानें गंजाचा थर तडकतो, एवढाच लाभ. मग रॉकेल किंवा पातळ तेल सोडून रात्रभर थांबावयाचें. कोणी तापलेल्या स्टडच्या मुळाशीं मेणबत्ती टेंकवितात. वितळलेलें मेण फटींत आपोआप ओढलें जातें. आतां या कामासाठीं तयार डबे मिळतात. त्यांपैकीं डब्ल्यू.डी. चाळीस हा तर घरोघर पोंचला आहे. पण तो १९५३ सालीं कॅलिफोर्नियांत निर्माण झाला तो अ‍ॅटलस नांवाच्या क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंजापासून वांचविण्यासाठीं, स्टड सोडविण्यासाठीं नव्हे. चाळिसाव्या प्रयत्नास यश आलें म्हणून नांवांत चाळीस.

स्टडचा थोडा भाग वर उरला असेल तर त्यावर दोन नट चढवून एकमेकांवर आवळतात आणि खालचा नट उलटा फिरवितात. स्टड त्यांच्याबरोबर निघतो. तुकडा आंतच मोडला असेल तर त्यावर नट ठेवून वेल्डिंगनें जोडतात. त्यांत पकडही मिळते आणि उष्णताही. हेंही न साधलें तर तुकड्याच्या बरोबर मध्यावर पंचानें खूण करून ड्रिलनें भोंक पाडतात. कांहीं कारागीर डावीकडे फिरणारें ड्रिल घेतात. पुष्कळदां भोंक पाडतां पाडतांच तुकडा फिरून वर येतो. नाहीं आला, तर त्या भोंकांत उलट्या आट्यांचें निमुळतें हत्यार घालतात. तें डावीकडे फिरविलें कीं आंत रुततें, आणि जितकें रुततें तितका तुकडाही सुटण्याच्याच दिशेनें वळतो. ज्यानें ही युक्ति प्रथम काढली तो मोठा चतुर असला पाहिजे.

पण सर्वांत मोठा धोकाही याच हत्यारांत आहे. तें कडक पाणी दिलेल्या पोलादाचें; वांकणें त्याला ठाऊक नाहीं. अतिजोर झाला कीं तें भोंकांतच मोडतें, आणि मग त्यावर साधें ड्रिल चालत नाहीं. आटे पाडण्याचा टॅप मोडला तरी हीच अवस्था. भांड्यांत भांडें अडकलें, आणि आंतलें भांडें बाहेरच्याहून कठीण! कारखानदारांनीं या दुःखांत किती ओतीव काम भंगारांत घातलें असेल त्याची मोजदाद नाहीं.

येथें इतिहासानें एक चमत्कारिक वळण घेतलें. १७७० सालीं जोसेफ प्रीस्टली यांच्या ध्यानांत आलें होतें कीं, विजेची ठिणगी धातूवर पडली म्हणजे तेथें लहानसा खळगा पडतो. पुढें पावणेदोनशें वर्षें हा विजेचा एक उपद्रवच समजला गेला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं सोव्हिएट रशियांत बोरिस व नतालिया लाझारेंको या शास्त्रज्ञ दांपत्याकडे काम आलें तें हा उपद्रव थांबविण्याचें, कारण ठिणग्यांमुळें विद्युत्-यंत्रांचे टंगस्टनचे स्पर्शबिंदु झिजून जात. तो थांबेना. तेव्हां त्यांनीं विचारच उलटा केला: ठिणगी धातु कुरतडतेच आहे, तर ती आपल्याला हवी तेथें कां कुरतडूं नये? १९४३ पर्यंत त्यांची ही विद्या आकारास आली. त्याच सुमारास अमेरिकेंत हॅरॉल्ड स्टार्क, व्हिक्टर हार्डिंग व जॅक बीव्हर या तिघांनीं, रशियांतील प्रयत्नांशीं कांहीं संबंध नसतां, ठिणग्यांनीं धातु खाणारें यंत्र रचलें. आणि कशासाठीं? अल्युमिनियमच्या ओतीव भागांत मोडलेले टॅप व ड्रिल काढण्यासाठीं! एवढ्याशा अडचणींतून हें यंत्र निपजलें.

त्याचें काम असें चालतें. तांब्या-पितळेची एक कांडी किंवा नळी मोडलेल्या तुकड्याच्या अगदीं जवळ नेतात, पण टेंकूं देत नाहींत. मधल्या फटींत पाणी किंवा तेल वाहतें. सेकंदाला हजारों ठिणग्या पडतात आणि प्रत्येक ठिणगी धातूचा एक कण वितळवून उडविते. पोलाद कितीही कडक असो, ठिणगीला त्याचें सोयरसुतक नाहीं. तुकड्याचा गाभा पोखरला गेला कीं उरलेलें टरफल चिमट्यानें उचलतां येतें आणि ब्लॉकाचे आटे शाबूत राहतात. आज याच विद्येनें विमानांच्या इंजिनांचे सूक्ष्म भाग आणि साचे घडविले जातात. तेव्हां मोठमोठ्या यंत्रांत कांडी सहसा तेलाच्या हौदांत बुडविलेली असते, आणि तें तेल बहुधा रॉकेलाच्याच जातीचें असतें. खेड्यांतला मिस्त्री फटींत जें ओततो, त्याचेंच हें थोरलें भावंड.

तुकडा निघाल्यावर घाई करणारा कारागीर लगेच नवा स्टड बसवूं लागतो. तसें करूं नये. भोंकांत टॅप हलक्या हातानें फिरवून आटे साफ करावयाचे, गंजाचा भुगा हवेनें उडवावयाचा. आटे अगदींच गेले असतील तर भोंक थोडें मोठें करून त्यांत तारेची मळसूत्री गुंडाळी बसवितात. मऊ ब्लॉकाला पोलादाचे नवे आटे मिळतात व जुन्याच मापाचा स्टड चालतो. मग स्टडच्या आट्यांना ग्रॅफाइटचें किंवा तांब्याची पूड घातलेलें वंगण चोळावयाचें. आणि पाना हातीं घेण्यापूर्वीं स्टड नुसत्या बोटांनीं फिरवून पाहावयाचा. मध्येंच कोठें अडला तर तेथेंच थांबून तो परत काढावयाचा आणि टॅप पुन्हा फिरवावयाचा.